प्रेअरी डॉग : उच्चाटन आणि पुनर्वसन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या शेतकी खात्याचे १९०१ सालचे वार्षिक १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सी. हार्ट मेरियम या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाचा एक लेख आहे. मेरियम हे त्या खात्याच्या जीवसर्वेक्षण शाखेचे प्रमुख होते. म्हणजे त्यांचा लेख हा शास्त्रज्ञाचा लेख तर होताच, पण सरकारचा शब्दही होता. त्या लेखात असे सांगितले आहे की, ३२ प्रेअरी डॉग एका मेंढीइतके गवत खातात आणि २५६ प्रेअरी डॉग एका गाईइतके. हा आकडा कोणी कुरणात बसून मोजलेला नव्हता. निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांना किती अन्न लागावे याचे एक सूत्र एका प्राध्यापकाने मेरियम यांना दिले होते, त्यातून तो निघाला होता. परंतु आकडा एकदा सरकारी कागदावर चढला म्हणजे त्याला खाली उतरविणे किती कठीण असते, हे वीस वर्षे फायलींच्या सहवासात काढलेल्या माझ्यासारख्याला कोणी सांगावयास नको. त्या २५६ च्या आकड्याने पुढे कोट्यवधी जीवांचे भवितव्य ठरविले, आणि आज त्यांच्यापैकी उरलेल्यांना पिंजऱ्यात घालून, अंगावरच्या पिसवा मारून, नव्या गावी नेऊन सोडण्याची खटपट त्याच देशात चाललेली आहे.

प्रेअरी डॉग हा कुत्रा नव्हे. तो खारीच्या कुळातला, मातकट रंगाचा, सुमारे एक किलो वजनाचा प्राणी आहे. धोका दिसला की तो मागच्या पायांवर उभा राहून भुंकल्यासारखा आवाज काढतो, एवढ्यावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या पाच जाती आहेत. काळ्या शेपटीची जात सर्वांत विस्तृत. कॅनडाच्या दक्षिण सीमेपासून उत्तर मेक्सिकोपर्यंतच्या गवताळ मैदानांत ती नांदत आली. उरलेल्या चारांपैकी एक मेक्सिकोत आहे, तर एक केवळ युटा या राज्यात.

हा प्राणी गाव करून राहतो. एक नर, तीन-चार माद्या आणि त्यांची पिले मिळून एक घर. अशी शेकडो घरे मिळून एक वसाहत. घरातली माणसे एकमेकांना तोंडाला तोंड लावून ओळखतात. शेजारघरचा कोणी हद्दीत शिरला तर त्याला हुसकावून लावतात. (‘माणसे’ हा शब्द नकळत आला, पण तो बदलावा असे वाटत नाही.) बिळाला बहुधा दोन तोंडे असतात. एका तोंडाशी मातीचा उंच कडा केलेला असतो, दुसरे तोंड बसके. उंच तोंडावरून वारा वाहू लागला की आतली हवा ओढली जाते आणि बसक्या तोंडातून ताजी हवा आत येते. जमिनीखाली दोन-तीन मीटर खोल झोपलेल्या कुटुंबाला अशा रीतीने वारा मिळतो. वसाहतीतले उंच गवत ते खाण्यासाठी कुरतडतात तसेच नजरेआड काही राहू नये म्हणूनही कुरतडून टाकतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे पुनर्वसनाच्या वेळी तिचे महत्त्व कळेल. आणखी एक. उंदीरवर्गातला प्राणी म्हणून याची वीण अफाट असेल असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात मादी वर्षातून एकदाच विते, आणि बिळातून वर येणारी पिले तीन-चारच असतात.

लुइस आणि क्लार्क यांची मोहीम मिसूरी नदीने वर जात असता, ७ सप्टेंबर १८०४ रोजी, आजच्या नेब्रास्का राज्यात या प्राण्याची एक वसाहत त्यांच्या दृष्टीस पडली. एक जिवंत प्राणी हाती यावा म्हणून मोहिमेतली मंडळी जवळजवळ सारा दिवस बिळात पिंपेच्या पिंपे पाणी ओतीत राहिली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एक प्रेअरी डॉग, चार मॅग्पाय पक्षी आणि एक रानकोंबडी असे सहा जिवंत नमुने अध्यक्ष जेफर्सन यांजकडे रवाना झाले. नदीने खाली न्यू ऑर्लिन्स, तेथून समुद्रमार्गे पूर्व किनारा, असा चार महिन्यांचा तो प्रवास. सहांपैकी दोनच वॉशिंग्टनला पोहोचले : एक पक्षी आणि हा प्रेअरी डॉग. त्याची रवानगी पुढे फिलाडेल्फियास पील यांच्या संग्रहालयात झाली. अमेरिकेचे स्वातंत्र्य ज्या इमारतीत जाहीर झाले, त्याच इमारतीत हे संग्रहालय तेव्हा होते. सरकारी खर्चाने झालेले प्रेअरी डॉगचे हे बहुधा पहिलेच स्थलांतर, आणि त्यात त्याला पाहुण्याचा मान मिळाला.

शंभर वर्षांनी तो मान उरला नाही. मधल्या काळात मैदानांवरून बायसनचे कळप नाहीसे झाले होते, आणि त्यांच्या जागी गुरे आली होती. मेरियम यांच्या लेखात टेक्सासातील एका वसाहतीचे वर्णन आहे : १०० मैल रुंद, २५० मैल लांब, म्हणजे २५,००० चौरस मैल. आपल्या महाराष्ट्राच्या पंचमांशाएवढा तो मुलूख झाला. त्यात ४० कोटी प्रेअरी डॉग असावेत असा त्यांचा अंदाज होता. भागाकार करून पाहिला तर एकरी बरोबर २५ पडतात. ४० कोटींना पुन्हा २५६ ने भागले की येतात १५,६२,५०० गाई. आणि हा आकडा त्या लेखात शेवटच्या शेकड्यापर्यंत दिलेला आहे. एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजाने गुणावे, तिसऱ्याने भागावे आणि उत्तर मात्र नेमके यावे, ही किमया कारकुनी जगात नवी नाही. हे उत्तर वाचणाऱ्या गोपालकाला मात्र त्यात आपल्या तोंडचा घास हिरावला गेलेला दिसला.

गोपालकाची भीती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. दुष्काळाच्या वर्षी, कर्जाऊ पैशावर गुरे घेतलेल्या माणसाला गवताची प्रत्येक काडी मोलाची असते. परंतु कारण आणि कार्य यांची येथे अदलाबदल झाली होती. ज्या कुरणात गुरे अतोनात चरून गवत आखूड होते, तेथे प्रेअरी डॉग पसरतात, कारण आखूड गवतातच त्यांना दूरवरचे दिसते. ओसाडी पाहून लोकांनी तेथे वावरणाऱ्या प्राण्याला दोष दिला. पुढे शास्त्रज्ञांनी दक्षिण डाकोटातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात पाहणी केली, तेव्हा आढळले की बायसन उलट या वसाहतींवरच चरावयास येतात. कारण वरचेवर कुरतडलेल्या गवताला फुटणारा कोवळा पाला अधिक पौष्टिक असतो. गवताचे मान घटते, पण त्याचा कस वाढतो. हे संशोधन १९८० च्या सुमाराचे. तोवर विषाची पोती रिकामी झालेली होती.

विष म्हणजे स्ट्रिक्नीन. आपल्याकडे काजऱ्याच्या बियांत असते तेच. धान्याला ते चोळून बिळांच्या तोंडाशी टाकीत. कॅन्सस राज्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच यासाठी कायदा केला. १९३१ साली मध्यवर्ती काँग्रेसने उपद्रवी प्राण्यांच्या नियंत्रणाचा जो कायदा मंजूर केला, त्यात लांडग्यांच्या पंक्तीला प्रेअरी डॉगचे नाव घातले आहे. पुढे ‘१०८०’ या नावाने ओळखले जाणारे आणखी जहाल विष आले. त्याने मेलेल्या प्राण्याला खाणाराही मरे. काळ्या शेपटीच्या जातीने पूर्वी आठ ते दहा कोटी एकर जमीन व्यापली असावी असे आज मानतात. १९६१ सालच्या सरकारी पाहणीत अमेरिकेत ३,६४,००० एकर उरले होते.

परंतु विष हे एकटे कारण नव्हते. दुसऱ्या कारणाचा आपल्या इतिहासाशीही संबंध आहे. १८९४ साली हाँगकाँगला प्लेगची साथ उसळली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. १८९७ साली पुण्याने काय भोगले ते मराठी माणसाला निराळे सांगण्याचे कारण नाही. तीच साथ जहाजांतून १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. शहरातल्या उंदरांवरून ती रानातल्या खारींवर गेली आणि डोंगर ओलांडीत पूर्वेकडे सरकली. १९३० ते १९५० या काळात ती प्रेअरी डॉगच्या वसाहतींत शिरली. त्या प्राण्याच्या शरीराला हा रोग सर्वस्वी अपरिचित होता. एखाद्या वसाहतीत प्लेग आला म्हणजे शंभरांतले पंचाण्णवांहून अधिक प्राणी काही आठवड्यांत मरतात. बिळाबिळांतून ऐकू येणारे ते भुंकणे बंद पडते आणि रिकाम्या घरांतून पिसवा तेवढ्या उरतात. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला प्लेगची लस टोचून घेतली होती. या लहानग्या प्राण्यासाठीही आता लस निघाली आहे. ती शेंगदाण्याच्या लोण्याचा स्वाद दिलेल्या गोळ्यांतून खाऊ घालतात. २०१३ ते २०१५ या वर्षांत अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत तिचे प्रयोग झाले. लस फुकट जात नाही, पण ती एकटी पुरीही पडत नाही. म्हणून बिळांत पिसवानाशक भुकटीही फुंकतात.

मत बदलावयास कारण झाला तो मात्र दुसराच प्राणी. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसाच्या अंगलटीचा, पण वेगळ्या कुळातला शिकारी. तो जवळजवळ केवळ प्रेअरी डॉगच खातो आणि त्यांच्याच बिळांत राहतो. भक्ष्य गेले तसा भक्षकही गेला. १९७९ साली पिंजऱ्यातला शेवटचा फेरेट मेला, तेव्हा जात संपली असे धरले गेले. २६ सप्टेंबर १९८१ रोजी वायोमिंगमधील मीटीत्सी गावाजवळ शेप नावाच्या एका राखणीच्या कुत्र्याने मालकाच्या दारात एक मेलेला फेरेट आणून टाकला. शोध केला तेव्हा जवळच एक छोटी वसती सापडली. तिच्यातही रोग शिरला, आणि १९८७ पर्यंत अखेरचे १८ जीव धरून आणावे लागले. त्यांच्याच संततीला १९९१ पासून पुन्हा रानात सोडण्यात येत आहे. पण सोडावयाचे कोठे? जेथे प्रेअरी डॉगचे गाव भरलेले आहे तेथेच. दुर्मिळ प्राणी वाचवावयाचा तर त्याचे ‘उपद्रवी’ भक्ष्य आधी वाचविले पाहिजे, हे तेव्हा सरकारला उमगले.

आता पुनर्वसनाकडे वळू. याचा आरंभ तसा जुना. विषप्रयोगाच्या ऐन भरात, १९३५ साली, टेक्सासातील लबक शहरी एका नागरिकाने प्रेअरी डॉगच्या दोन जोड्या आणून बागेत वसविल्या. ती वसाहत आजही तेथे आहे. परंतु मोठ्या प्रमाणावर हे काम सुरू झाले ते युटा राज्यात, १९७२ साली. त्या राज्याच्या स्वतःच्या जातीचे तेव्हा सुमारे ३,३०० प्राणीच उरले होते, आणि तेही बहुतेक शेतकऱ्यांच्या लसूणघासाच्या शेतांत. ते उचलून सरकारी रानात नेऊन सोडावयाचे, अशी योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसते. प्राणी मोजून धरले, मोजून सोडले, पण त्यांतले बहुतेक टिकले नाहीत. नव्या जागी बिळे नव्हती. उघड्यावर सोडलेला प्राणी दिशाहीन पळत सुटे, आणि कोयोट, बॅजर किंवा ससाणा त्याला उचलून नेई.

‘पुनर्वसन’ हा शब्द आम्हा सरकारी नोकरांच्या फार परिचयाचा. कुटुंबांची यादी, जमिनीचा तक्ता, वाहतुकीचा खर्च, एवढे झाले की प्रकरण निकालात काढावयाचे. प्रेअरी डॉगच्या बाबतीत ही यादी पुरत नाही हे कळावयास तीसएक वर्षे लागली. २००६ साली न्यू मेक्सिकोतील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही प्राणी सरमिसळ करून हलविले होते, काही घरचे घर एकत्र हलविले होते. घरासकट हलविलेल्यांची जगण्याची शक्यता पाचपट निघाली. कारण उघड आहे. जो प्राणी शेजाऱ्याच्या भुंकण्यावर विसंबून खाली मान घालून चरतो, त्याला अनोळखी गर्दीत चरताही येत नाही आणि झोपताही येत नाही.

म्हणून आजची रीत पुष्कळच निराळी आहे. आधी काही दिवस दुरून नजर ठेवून कोण कोणाच्या घरचे आहे हे ठरवितात. मग ओट टाकून पिंजरे उघडेच ठेवतात. सवय झाली की एक दिवस ते लावतात. पिंजऱ्याला न फसणाऱ्यांसाठी साबणाच्या फेसाचे पाणी बिळात सोडतात. भिजलेला प्राणी वर आला की त्याला हातमोजे घालून अलगद धरावयाचे आणि त्याचे डोळे पुसावयाचे. लुइस आणि क्लार्क यांच्या मंडळींनी वापरलेली हीच युक्ती. फक्त फेसाने पाणी थोडे लागते. (१९९० नंतर कोलोरॅडोत एका गृहस्थाने गटारे उपसण्याच्या मोटारीला मऊ अस्तर लावून तिच्या नळीने प्रेअरी डॉग ओढून घेण्याचा धंदा काढला होता. हा विनोद नव्हे.) पिले बिळाबाहेर आल्यावर, म्हणजे साधारण जूनपासून शरद ऋतूपर्यंतच हे काम करतात. पकडलेल्या प्राण्यांच्या पिसवा मारतात. तिकडे नव्या जागी यंत्राने गवत कापून ठेवलेले असते, जमिनीत लाकडी पेटीचे घर पुरलेले असते आणि त्यापासून वरपर्यंत नळी आणलेली असते. तोंडावर काही दिवस जाळीचा पिंजरा ठेवून तेथेच खाऊ-पिऊ घालतात. जुने शेजारी नव्या जागीही शेजारीच यावेत असे पाहतात. एवढे करूनही काही मरतात. पण जे जगतात ते पेटीशेजारी स्वतःचे बीळ खणू लागतात.

या कामात सर्वांत कठीण भाग पकडण्याचा नव्हे, तर घेणारा मिळण्याचा आहे. प्रेअरी डॉगवर माया करणारी मंडळी शहरात राहतात, आणि त्यांना ठेवून घेण्याजोगी जमीन खेड्यात असते. कोलोरॅडो राज्याने १९९९ साली कायदाच केला की, एका काउंटीतले प्रेअरी डॉग दुसऱ्या काउंटीत न्यावयाचे असतील तर तेथल्या लोकनियुक्त मंडळाची संमती हवी. संमती सहसा मिळत नाही. आणि मग जेथे इमारत उभी राहावयाची असते तेथील बिळांत विषारी वायूच्या गोळ्या टाकणे हाच सोपा मार्ग उरतो. प्राणिमित्रांना हा कायदा दुष्ट वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ज्याच्या कुंपणाशी नवे शेजारी येणार त्याला विचारू नये, हे न्यायाचे कसे? मात्र जो विकासक शंभर एकर बिळांवर काँक्रीट ओततो, त्याच्यावर जागा शोधण्याचा भार कायद्याने टाकला नाही, हे त्याचे खरे न्यून आहे.

युटातील सीडर सिटी गावाचे गाऱ्हाणे तर कोणालाही अस्वस्थ करील. तेथे संरक्षित प्रेअरी डॉगनी गावच्या दफनभूमीत बिळे केली. नातलगांच्या थडग्यांशेजारी मातीचे ढीग, आणि प्राण्याला हात लावावयाचा तर मध्यवर्ती सरकारची परवानगी! त्या भागातल्या लोकांनी एक संघ काढून फिर्याद केली. हा प्राणी एकाच राज्यात राहतो, राज्याराज्यांतील व्यापाराशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा खासगी जमिनीवर त्याच्याविषयी नियम करण्याचा मध्यवर्ती सरकारला अधिकारच नाही, असा त्यांचा युक्तिवाद. २०१४ साली जिल्हा न्यायालयाने तो मान्य केला. २०१७ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मधल्या काळात राज्य सरकार आपल्या अखत्यारीत प्राणी पकडून दुसरीकडे हलवीतच होते.

कॅन्ससमधील लोगन काउंटीत याच्या नेमके उलट घडले. तेथे प्रेअरी डॉग हवे होते ते जमीनमालकाला आणि नको होते ते अधिकाऱ्यांना. जुन्या कायद्याच्या आधारे काउंटीने मालकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या कुरणात विष टाकण्याची माणसे पाठविली आणि खर्चाचे बिल त्यालाच लावले. त्याच कुरणात २००७ च्या डिसेंबरात मध्यवर्ती सरकारच्या वन्यजीव खात्याने फेरेट आणून सोडले. एका सरकारच्या पुस्तकात जो उपद्रव, तोच दुसऱ्याच्या पुस्तकात संरक्षित जीवाचे अन्न. दक्षिण डाकोटातील कोनाटा खोऱ्यात तर एकच खाते दोन्ही कामे करीत आले आहे : शेजारच्या खासगी कुरणांच्या सीमेलगत विष, आणि आतल्या भागात प्लेगपासून बचाव करणारी भुकटी. तेथील वसाहतींत २००८ साली प्लेग शिरला, तेव्हा उन्हाळाभर माणसे बिळामागून बीळ भुकटी मारीत हिंडत होती.

काळ्या शेपटीच्या जातीने व्यापलेली जमीन २००९ च्या सरकारी अहवालात सुमारे २४ लाख एकर धरली आहे. १९६१ च्या मानाने ती पुष्कळ. पूर्वीच्या मानाने शंभरातले दोन-तीन. ॲरिझोना राज्यातून ही जात १९६० च्या सुमारास पूर्णपणे नाहीशी झाली होती. २००८ साली तेथील लास सिएनेगास या संरक्षित गवताळ प्रदेशात न्यू मेक्सिकोहून काही प्रेअरी डॉग मोटारीने नेण्यात आले. त्यांच्यासाठी गवत आधीच कापून ठेवलेले होते आणि जमिनीत घरे पुरलेली होती.